काखेतला ताप आणि आतला ताप

राउंडला डॉक्टर विचारतात, "सिस्टर, टेंपरेचर किती?" मी आकड्याच्या आधी जागा सांगते. "ब्लॅडर, ३८.६." ट्रेनिंगला आलेल्या मुलींना सुरुवातीला हा शिष्टपणा वाटतो. जनरल वॉर्डात चार्टवर ९९ नाहीतर १०१ एवढंच लिहिलेलं असतं आणि तिथे त्यावाचून फारसं अडतही नाही. आयसीयूत अडतं. एकाच माणसाच्या काखेत, कानात आणि मूत्राशयात एकाच मिनिटाला तीन वेगळे आकडे मिळतात, आणि माणूस जितका जास्त आजारी तितके ते एकमेकांपासून लांब जातात.

मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंडं हा शरीराचा आतला भाग. त्याचं तापमान शरीर जिवापाड सांभाळतं: ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, पहाटे थोडं कमी, संध्याकाळी अर्धा अंश जास्त. कातडी, तळहात, पावलं हा बाहेरचा भाग. तो गार पडला तरी शरीराला चालतं; आतलं वाचवायला ते बाहेरच्याचा बळी देतं. रक्तदाब कोसळला की कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त आत वळतं. त्यात रक्तदाब टिकवायला आम्ही नॉरअ‍ॅड्रेनलिनचं इन्फ्युजन लावलेलं असतं, तेही त्याच रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून जंतुसंसर्गाने आतून फणफणलेल्या माणसाची पावलं गारढोण लागतात. भेटायच्या वेळी नातेवाईक येतात, पायाला हात लावतात आणि म्हणतात, "सिस्टर, अंग त थंडं लागून रायलं, ताप कुठं आहे?" त्यांचा हात खोटं सांगत नसतो. पाय गारच असतो. मॉनिटरवर त्याच वेळी ३९.४ असतं.

मलेरियाची थंडी भरते तेव्हाही हेच. रुग्ण कुडकुडतो, पांघरूण मागतो, कातडी थंड लागते, आणि आतलं तापमान नेमकं तेव्हाच भराभर चढत असतं. अंग गरम लागायला लागतं तोवर ताप पार वर पोचलेला असतो, आणि घाम फुटतो तो ताप उतरताना. कपाळाला लावलेला हात अशा वेळी उशिराने सांगतो.

आमच्या नागपुराकडे हा फरक सगळ्यात उघडा पडतो तो नवतप्यात. मेअखेरचे ते दिवस, बाहेर ४५-४६ अंश, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा दुपारी उष्माघाताचे रुग्ण येतात. उष्माघात म्हणायचा तर दोन गोष्टी लागतात: आतलं तापमान ४० अंशांच्या वर, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे, आणि मेंदूवर परिणाम. माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसते. पहिली मात्र कुठे मोजता यावर अवलंबून असते.

एक माणूस आठवतो. चाळिशीचा, सेंट्रिंगच्या कामावरचा. सोबत्यांनी ऑटोत घालून आणताना डोक्यावर, छातीवर पाणी ओतलेलं. शर्ट चिंब, त्यावर वाटभर वारा लागलेला. खाली कॅज्युअल्टीत काखेत थर्मामीटर लावला तर १००.८. बेशुद्ध माणूस आणि अंगात थोडासा ताप, म्हटल्यावर मेंदूज्वरापासून मलेरियापर्यंत काहीही डोक्यात येऊ शकतं. आयसीयूत घेतल्याबरोबर आम्ही कुशीवर वळवून गुदद्वारात प्रोब घातला. ४१.३. फॅरनहाइटमध्ये १०६च्या वर. पुढची धावपळ त्या आकड्याने ठरली. कपडे काढले, अंगावर ओली चादर घातली, दोन पंखे रोखले, मानेखाली, काखांत, जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. पॅरासिटामॉल दिलं नाही, कारण इथे त्याचा उपयोग नसतो. जंतूंच्या तापात मेंदूच आपलं तापमान वर नेऊन ठेवतो आणि ते औषध त्याला खाली यायला सांगतं. उष्माघातात मेंदूने काही वाढवलेलंच नसतं. बाहेरून आलेली आणि अंगात तयार झालेली उष्णता बाहेर टाकणं शरीराला जमेनासं झालेलं असतं.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. अर्ध्या तासाने ताप बघा म्हटलं की सवयीने हात काखेकडे जातो. त्या काखेत बर्फ आहे! तिथे ९६ आला म्हणून समाधान मानणारी माणसं मी पाहिली आहेत. गुदद्वारातला प्रोबही इथे अगदी बिनचूक नसतो. अंग भराभर गार होत असताना तिथला आकडा रेंगाळतो. हृदयातलं रक्त थंड झालेलं असतं आणि प्रोब मघाचंच सांगत असतो. म्हणून ३९च्या आसपास आलं की बर्फ काढून घ्यायचा. मॉनिटरवर ३७ दिसेपर्यंत थांबलं तर माणूस त्याच्याही खाली घसरतो. त्या सेंट्रिंगवाल्याच्या बाबतीत आम्ही ३८.८ला थांबलो, तरी पुढची दहा-पंधरा मिनिटं आकडा खाली येतच राहिला.

मग आतलं खरं तापमान मिळतं कुठे? पुस्तकी उत्तर आहे, फुप्फुसाच्या धमनीत. सगळ्या अंगातून परतलेलं रक्त तिथे एकत्र मिसळलेलं असतं. तिथपर्यंत जाणारी नळी जेरेमी स्वॉन आणि विल्यम गँझ यांनी १९७० साली जगापुढे आणली. टोकाला छोटा फुगा, तो रक्ताच्या प्रवाहाबरोबर हृदयातून वाहत पुढे जातो. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या पाहताना ही कल्पना सुचली, असं स्वॉन सांगत. पुढे तिच्या टोकाजवळ तापमान मोजणारा बारीक सेन्सरही आला. आजही बाकीच्या सगळ्या पद्धती तपासायच्या तर याच नळीशी ताडून बघतात. पण ही नळी हृदयातून जाते. तिच्यामुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात, संसर्ग होऊ शकतो. हल्ली ती हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रिया आणि काही अवघड रुग्ण सोडले तर घातलीच जात नाही, आणि नुसता ताप मोजायला तर कोणी घालणार नाही.

माझी आवडती जागा अन्ननलिका. तिचा खालचा भाग हृदयाच्या अगदी पाठीमागून जातो, त्यामुळे रक्ताचं तापमान बदललं की काही मिनिटांत तिथे कळतं. व्हेंटिलेटरवरच्या, गुंगीत ठेवलेल्या रुग्णाला नाकातून किंवा तोंडातून बारीक प्रोब घालता येतो. कसब आहे ते खोलीचं. रायल्स ट्यूब घालताना आम्ही नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत लांबी मोजतो, ती पोटात पोचण्यासाठी असते. प्रोब त्याच्या अलीकडे थांबायला हवा. वर राहिला तर शेजारच्या श्वासनलिकेतून व्हेंटिलेटरची हवा जाते, तिचा परिणाम आकड्यावर होतो. जास्त खाली गेला तर पोटात उतरतो, आणि मग रायल्स ट्यूबमधून गार पाणी दिलं की मॉनिटरवर ताप उतरल्याचा साक्षात्कार होतो. मी प्रोबवर नाकपुडीपाशी मार्करने खूण करते, चिकटपट्टी लावते आणि एक्सरे आला की टोक कुठे आहे ते डॉक्टरांना दाखवायला लावते. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असलेल्या लिव्हरच्या रुग्णांना मात्र हा प्रोब विचार करूनच घालावा लागतो.

रोजच्या कामात सगळ्यात सोयीचं मूत्राशय. आयसीयूतल्या बहुतेकांना लघवीची नळी असतेच. त्याच नळीच्या टोकाला सेन्सर असलेली मिळते. एक वायर मॉनिटरला जोडली की दिवसरात्र आकडा समोर. रुग्णाला वेगळा त्रास नाही, रात्री उठवणं नाही, लाजणं नाही. अडचण एवढीच की लघवी वाहती हवी. युरोबॅगमध्ये तासाला चार थेंब जमत असतील तर मूत्राशयातला आकडा मागे पडतो. मूत्रमार्गाच्या ऑपरेशननंतर सलाइनने मूत्राशय सतत धुणं चालू असेल तर तो सलाइनचंच तापमान सांगतो. आणि साध्या नळीपेक्षा ही बरीच महाग पडते, त्यामुळे स्टोअरकडून मागवताना दर वेळी "कशाला हवी?" याचं उत्तर द्यावं लागतं. मी देते.

गुदद्वाराबद्दल आपल्याकडे बोलायचीही चोरी. शुद्धीवरच्या रुग्णाला संकोच वाटतो, नातेवाइकांना विचित्र वाटतं आणि खरं सांगायचं तर कित्येक सिस्टरही ते टाळतात. पडदा ओढायचा, काय करणार ते सांगायचं, जेली लावायची, काम दोन मिनिटांचं असतं. पांढऱ्या पेशी खूप कमी झालेल्या किमोथेरपीच्या रुग्णाला किंवा प्लेटलेट्स घसरलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला मात्र तिथे काही घालायचं नाही.

तोंडातला ताप चांगला, पण त्यासाठी माणूस शुद्धीवर हवा, थर्मामीटर जिभेखाली मागच्या बाजूला नीट धरता यायला हवा आणि तोंड बंद ठेवता यायला हवं. मास्कमधून ऑक्सिजन घेत धापा टाकणाऱ्याला ते जमत नाही. बायकोने फ्लास्कमधला चहा पाजून पाच मिनिटं झाली असतील तरी आकडा फसवा. पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं.

कानाच्या थर्मामीटरमागचा विचार मोठा हुशार. मेंदूतलं तापमान-केंद्र आणि कानाचा पडदा यांना एकाच मोठ्या रक्तवाहिनीच्या शाखांमधून रक्त मिळतं, म्हणून पडद्यातून निघणारी अवरक्त किरणं मोजली की मेंदूजवळचं तापमान मिळेल. पण यंत्र पडद्याऐवजी बरेचदा कानाच्या नळीची भिंत बघतं. मोठ्या माणसाची कानाची पाळी वर आणि मागे ओढून नळी सरळ करावी लागते. आत मळ असेल तर आकडा कमी येतो, आणि जो कान दोन तास उशीवर दाबला गेलाय तो उगाच गरम असतो. डाव्या-उजव्या कानात फरक पडला की आमच्या मुली घाबरतात. मी आधी उशी कोणत्या बाजूला होती ते विचारते.

कपाळावर रोखायच्या बंदुकांचं काय सांगू. २०२०मध्ये प्रत्येक सोसायटीच्या गेटवर, बँकेच्या दारात वॉचमन ती घेऊन उभा होता. उन्हातून आलेल्याला ताप आणि एसी गाडीतून उतरलेल्याला ९४! कातडीवरून आतलं ओळखायची एक खरोखर चांगली युक्ती वेगळी आहे आणि ती १९७१ सालापासून माहीत आहे. कपाळावर एक गोल पट्टी चिकटवतात; ती कातडीच्या वरच्या बाजूने इतकीच गरम होते की आतून बाहेर जाणारी उष्णता थांबते. जाड गोधडीखाली पाय हळूहळू अंगाइतकेच उबदार होतात ना, तसं पट्टीखालचं तापमान थोड्या वेळात आतल्याच्या बरोबरीला येतं. काही मोठ्या ऑपरेशन थिएटरांत ती आली आहे. पट्टी एकदाच वापरायची असते, त्यामुळे खर्चाचा प्रश्न तिथेही आहेच.

राहिली काख, म्हणजे आपल्या देशाची राष्ट्रीय जागा. तिला जगन्मान्यता मिळाली ती जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिशमुळे. त्यांनी सुमारे २५ हजार रुग्णांचे ताप नोंदवून १८६८ साली ग्रंथ काढला आणि ३७ सेल्सिअस, म्हणजेच ९८.६ फॅरनहाइट, हा आकडा जगाच्या डोक्यात बसवला. ते मोजत काखेतच, आणि थर्मामीटर जवळपास फूटभर लांब, पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावा लागे. खिशात मावणारा सहा इंची थर्मामीटर इंग्लंडमधल्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याच दशकात केला. पुढे १९९२मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांच्या तोंडात मोजून पाहिलं तेव्हा सरासरी ९८.६ नाही, ९८.२ निघाली. एवढं होऊनही आमच्याकडे ९८.८ दिसलं की "थोडी कणकण आहे" म्हणणारे नातेवाईक रोज भेटतात.

पाऱ्याच्या थर्मामीटरचा आणखी एक दोष फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचे आकडे ३५ सेल्सिअसला सुरू होतात. त्याखाली मोजायची सोयच नाही. डिसेंबरच्या थंडीत रात्रभर अंगणात पडून राहिलेली म्हातारी ३२ अंशांवर आली असेल तरी थर्मामीटर नुसता तळाशी बसून राहतो आणि चार्टवर "९५" पडतं. आता पाऱ्याच्या विषारीपणामुळे मिनामाता कराराखाली हे थर्मामीटर जगभरातून काढले जात आहेत. भारतही त्या करारात आहे. मला त्यांचं वाईट वाटत नाही. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा कॉटखालून कागदाने गोळा केलाय आम्ही.

"काखेत आलाय ना, त्यात एक डिग्री मिळवा" हा उपाय सर्रास ऐकू येतो. फरक कायम एक डिग्रीच असता तर प्रश्नच नव्हता. पण तो त्याच माणसात सकाळी अर्धा आणि संध्याकाळी दोन असू शकतो. कधी उलटाही पडतो. कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी २०१५ साली या विषयावरचे ७५ अभ्यास, साडेआठ हजारांहून जास्त रुग्ण, एकत्र मांडून पाहिले. काख, कान, कपाळ, तोंड या बाहेरच्या जागांनी ताप आहे म्हणून सांगितलं तर ते बहुधा खरं निघालं. ताप नाही म्हणून सांगितलं तर भरवसा नाही. खरोखर ताप असलेल्या शंभरांतल्या सुमारे ६४ जणांचाच ताप त्यांना सापडला. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. काखेत १०२ आला तर मी वाद घालत नाही. काखेत ९८ आला आणि रुग्णाचे ठोके १३० असतील तर मी तो आकडा मानत नाही.

आणि या अर्ध्या-एक अंशावर बरंच काही ठरतं. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्था आयसीयूत ३८.३ सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइटच्या जवळ, याला ताप म्हणतात. तो दिसला की रक्ताचे कल्चर, सेंट्रल लाइन बदलायची का याची चर्चा, कधी अँटिबायोटिक चढवणं. त्यांच्याच २०२३च्या मार्गदर्शनात म्हटलंय: धमनीतला, मूत्राशयातला किंवा अन्ननलिकेतला सेन्सर असेल तर तोच वापरा; नसेल तर तोंड किंवा गुदद्वार; काख, कान, कपाळ, रासायनिक ठिपक्यांच्या पट्ट्या यांवर भिस्त ठेवू नका. मी यात माझ्या पदरची एक ओळ जोडते. शुद्धीवरच्या, सुधारत चाललेल्या रुग्णाला केवळ ताप मोजायला लघवीची नळी ठेवू नका. नळी जितके दिवस राहील तितका तिचाच संसर्ग होऊन ताप येण्याचा धोका वाढतो.

मुलींना मी आणखी एक पटवत असते. मूत्रपिंडं बंद पडलेल्या रुग्णाचं रक्त डायलिसिसच्या मशीनमधून चोवीस तास फिरत असतं, तेव्हा ते बाहेरच्या नळ्यांत गार होऊन परत येतं. अशा रुग्णाचं आतलं तापमान अगदी नीट मोजलं तरी ३६.८ येतं आणि संसर्ग मात्र वाढत असतो. इथे थर्मामीटर बरोबर आणि निष्कर्ष चूक. मशीन थोडा वेळ बंद असताना आकडा चढतो का, ते मी मुद्दाम बघते.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू केलेल्या रुग्णाला थंड ठेवण्याची पद्धत २००२ सालच्या दोन अभ्यासांनंतर जगभर गेली: ३२ ते ३४ अंश, बारा ते चोवीस तास. २०२१च्या एका मोठ्या अभ्यासात, अठराशेहून जास्त रुग्णांत, ३३ला नेण्याचा जास्त फायदा दिसला नाही. आता भर ताप चढू न देण्यावर आहे. त्यासाठी अंगाला पाण्याचे पॅड लावून मशीन स्वतःच गार-गरम करतं, आणि ते सगळं एका प्रोबच्या भरवशावर. रात्री कूस बदलताना गुदद्वारातला प्रोब निसटून चादरीवर आला तर त्याला खोलीतली हवा लागते. मशीनला वाटतं रुग्ण गार पडला. ते इमानेइतबारे त्याला तापवायला लागतं. म्हणून अशा रुग्णाला मी दुसरा सेन्सर मूत्राशयात ठेवायला लावते. दोन आकड्यांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त अंतर पडलं की आधी चादर उचलून बघायची, मग डॉक्टरांना फोन.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नातेवाईक विचारतात, "इथं १०१ राहायचा, घरी ९९ आला त बरं म्हणायचं का जी?" त्यांच्या घरी काखेतला साधा डिजिटल असतो. मी त्यांना सांगते, उद्या घ्यायला याल तेव्हा तो सोबत आणा. मग सकाळी आमच्या थर्मामीटरने जिभेखाली आणि लगेच त्यांच्याने काखेत, एकामागोमाग मोजते, दोन्ही आकडे जागेसकट डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून देते, आणि घरी कायम त्याच काखेत, त्याच थर्मामीटरने, वाजेपर्यंत धरून, वेळ टाकून लिहायला सांगते. कार्डाची मागची बाजू त्यासाठी कोरीच असते.